पाण्यातला लंगोट

सोलापूरचा मे महिना म्हणजे काय, हे तिथे राहिल्याखेरीज कळायचे नाही. विडी कामगारांची गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत २००६ साली जिथे उभी राहिली, त्या कुंभारीला माझ्या अक्काचे घर आहे. यंदा तिचा मुलगा आणि सूनबाई दीड वर्षाच्या छकुलीला घेऊन पुण्याहून आली होती. पोर उकाड्याने हैराण. तेव्हा जवळच्याच एका पोहण्याच्या तलावावर जायचे ठरले.

सूनबाईंनी पिशवीतून माशांच्या चित्रांची इवलीशी चड्डी काढली. "मामा, हा स्विम डायपर." मी मराठीचा मास्तर, नामकरण झाल्यावाचून वस्तू माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हटले, "म्हणजे पाण्यातला लंगोट!" सगळी हसली.

मागल्या खेपेस म्हणे साध्या डायपरवरच पोरीला पाण्यात सोडले होते. त्याच्या पोटात ओल शोषणारे दाणे असतात. ती ओल बाळाची की तलावाची, हे त्या बिचाऱ्यांना काय कळणार? पीत सुटले! डायपर भोपळ्यासारखा फुगून गुडघ्यांवर आला. या पाण्यातल्या लंगोटात ते दाणे जवळजवळ नसतातच, म्हणून तो फुगत नाही. पण त्याचमुळे लघवीही तो अडवीत नाही, ती थेट तलावात जाते. ही गोष्ट पुष्कळ आईबापांच्या गावीही नसते! तो अडवतो फक्त घट्ट मळ, आणि तोसुद्धा कंबरेचे नि मांड्यांचे इलॅस्टिक अंगासरशी बसले असेल तरच. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी लंगोटही मिळतात. त्यांचीही तीच कथा.

निघता निघता सूनबाई सहज बोलून गेल्या, "कालपासून हिला जरा जुलाब होताहेत. पण लंगोट आहे ना!"

मी दारातच थबकलो. पातळ जुलाब या लंगोटात फार तर काही मिनिटे थोपतो, मग पाझरतोच. "पाण्यात क्लोरीन असतं की, मामा," भाचा म्हणाला. खरे आहे, पण जुलाबाच्या जंतूंतला क्रिप्टोस्पोरिडियम इतका चिवट, की क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून अधिक दिवस तग धरतो. आणि तलावातले एकूणएक पोर घोटभर पाणी पिणारच! मी हे सांगितले खरे, पण तिकिटांचे पैसे भरून झाले होते. सूनबाईंचा चेहरा एवढासा झाला. माहेरच्या पाहुण्याने इतके बोलावे का, असे मलाच वाटू लागले.

तेवढ्यात अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं, लंगोट म्हणजे काय उजनीची भिंत आहे? पोरीला बरं वाटू दे, मग जा."

तलाव राहिला. परसात कडुलिंबाखाली घंगाळ मांडले आणि छकुली त्यात एकटीच तासभर डुंबली, लंगोटाशिवाय.

पुढे महिन्याभराने पुण्याहून सूनबाईंचा फोन आला. छकुली आता तलावावर जाते. दर तासाला लंगोट तपासायचा आणि बदलायचा तर काठावर नव्हे, स्वच्छतागृहात नेऊन, हा नेम त्यांनी धरला आहे.

"आणि मामा," त्या म्हणाल्या, "काल दुकानात पाण्यातला लंगोट मागितला, तर दुकानदाराने मला तालमीचा पत्ता दिला!"