छपराचा जमाखर्च

दुकानाचा ओटा रिकामा राहिला तरी व्यापाऱ्याच्या जिवाला चुटपुट लागते. मग सरकारी कचेऱ्या, शाळा, रुग्णालये यांची विस्तीर्ण छपरे वर्षानुवर्षे नुसती उन्हात तापतात, त्याचा हिशेब कोणी मांडावा?

गुजरातच्या राजधानीने, गांधीनगरने, तो मांडला. २०१२च्या सुमारास तेथे ५ मेगावॉटची सौर योजना आकारास आली. दोन कंपन्यांकडे प्रत्येकी अडीच मेगावॉट. त्यांपैकी सुमारे ८० टक्के सरकारी इमारतींवर, उरलेले खासगी छपरांवर. भांडवल कंपन्यांचे, करार २५ वर्षांचा. खासगी छपराच्या मालकास प्रत्येक युनिटमागे ३ रुपये भाडे.

खरी मेख 'युनिटमागे' या शब्दात आहे. कंपनीची प्राप्तीही वीज मोजूनच होते. पॅनेलवर धूळ साचली की वीज घटते आणि तोटा तिचाच होतो. साहजिकच पुसण्याची काळजीही तीच वाहते. केवळ बसवणुकीचे पैसे चुकते केले, तर पुढे त्या पॅनेलकडे पाहण्याची निकड कोणास राहणार?

आपल्या पालिकेच्या शाळेवर पॅनेल चढतील, तेव्हा सुज्ञ नागरिकाने एवढेच विचारावे : पैसे बसवणुकीचे, की विजेचे? सार्वजनिक छपराची वहीही अखेर आपलीच आहे.