पाऊस मोजताना (भाग ७) : डोंगरावरचे सिम कार्ड

कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे पावसाळाभर वर्तमानपत्रांत येतात. सातारा-सांगलीकडची माणसे त्यांवरून नदीचा अंदाज बांधतात. पर्जन्यमापकातली बादली कशी भरते आणि कलंडते, हे आपण मागच्या भागात पाहिले. तिने मोजलेला आकडा घाटमाथ्यावरून खाली कसा येतो, ते आता पाहू.

बऱ्याच ठिकाणी हे काम मोबाइलच्या जाळ्यावर सोपवलेले असते. उपकरणात मोडेम असतो आणि मोडेममध्ये सिम. फोनची रेंज गेली तर माणूस चार पावले चालून ती शोधतो. खांबाला जखडलेल्या यंत्राला ते शक्य नाही. म्हणून आधी जागा तपासावी आणि मगच सिम घ्यावे. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नये. जो मोडेम आणि जो अँटेना बसवायचा तोच नेऊन, खांबाच्या उंचीवर धरून, प्रत्येक कंपनीच्या सिमवर आकडा पाहावा. जुन्या टूजी मोडेमला सिग्नल विचारला की तो ० ते ३१ मधला आकडा देतो. १० म्हणजे उणे ९३ डीबीएम, आणि पुढे प्रत्येक अंकाला २ डीबीएमची वाढ. ९९ आले तर मोडेमला काहीच कळलेले नाही, असे समजावे.

मोडेम निवडतानाही जपावे. जिओच्या जाळ्यात सुरुवातीपासून टूजी नाहीच, तिथे टूजी मोडेम मुका राहतो. फोरजी मोडेम परदेशी बाजारासाठी बनवलेला असेल, तर आपल्याकडचा ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात असेलच असे नाही. दऱ्याखोऱ्यांत दूरवर पोहोचतात ते नेमके हेच खालचे पट्टे.

खिशातल्या फोनचे प्रीपेड सिम यंत्रात घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. रिचार्ज संपल्याचा संदेश यंत्राला येतो, पण वाचणार कोण? यंत्रांसाठी वेगळी एमटूएम सिम मिळतात. २०१८ पासून त्यांना १३ अंकी क्रमांक दिले जातात. या सिमवर दूरसंचार विभागाची बंधने आहेत. ठरवून दिलेल्या क्रमांकांशी आणि सर्व्हरच्या नोंदवलेल्या पत्त्यांशीच त्यांचा संवाद चालतो. त्यामुळे सर्व्हर हलवायचा असेल तर नवा पत्ता आधी कंपनीकडे नोंदवून घ्यावा, नाहीतर सगळी केंद्रे एकाच दिवशी गप्प होतील. एपीएनही कंपनीने दिलेलाच अचूक भरावा. तिथे एक अक्षर चुकले तर रेंज दिसते, पण डेटा हलत नाही. शिवाय बहुतेक सिमना बाहेरून हाक मारता येईल असा पत्ता नसतो. म्हणून यंत्रानेच सर्व्हरला हाक मारायची, अशी रचना हवी.

डेटा किती लागतो? दर १५ मिनिटांनी २०० बाइटची नोंद धरली, तर दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे सुमारे १९ हजार बाइट होतात. महिन्याचा हिशेब एका एमबीच्या आतच राहतो. दरवेळी सुरक्षित जोडणी नव्याने केली तर तो काही पटींनी वाढतो, तरीही खर्च किरकोळच. खरी टंचाई असते विजेची. टूजी मोडेम पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचतो. बॅटरी दमलेली असेल किंवा तार बारीक असेल, तर तेवढ्यात व्होल्टेज पडते आणि मोडेम पुन्हा सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, रेंज नाही. आषाढात सूर्य अनेक दिवस दिसत नाही, तेव्हा हा दोष हमखास डोके वर काढतो. म्हणून मोडेम सतत जागा ठेवू नये. कोरड्या दिवसांत तासाला एकदा उठवावा आणि पाऊस सुरू झाला की लवकर लवकर.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढेच आहे. जाळे बहुधा मुसळधार पावसातच तुटते. यंत्र आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. पण टॉवरची वीज जाते, दरड कोसळून फायबर तुटते. दोन टॉवर मायक्रोवेव्ह लहरींनी जोडलेले असतील, तर त्या मात्र जोराच्या सरींत खरोखर क्षीण होतात. हे क्षीण होणे इतके नियमित असते, की त्यावरून पाऊसच मोजता येतो, हे इस्राएलमधील हगित मेसर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. एका दिशेचा जोरदार अँटेना लावण्याविषयी मी सावध आहे, तो यामुळेच. तो रोखलेला टॉवर बंद पडला, तर बाजूचा टॉवर जिवंत असूनही यंत्राला दिसत नाही.

तेव्हा प्रत्येक नोंद आधी यंत्रातल्या कार्डावर उतरावी, मोजल्याची वेळ तिच्यासोबत असावी आणि जाळे परतले की साठलेले सारे क्रमाने जावे. सर्व्हरकडून पोच मिळाल्याशिवाय काहीही पुसू नये. खालच्या कार्यालयानेही न आलेली नोंद ‘० मिमी’ म्हणून दाखवू नये, तिथे रकाना रिकामाच राहू द्यावा. धरणाचे दरवाजे किती उचलायचे हे ठरवणारा अभियंता तो तक्ता पाहत असतो. पाऊस पडलाच नाही आणि पडला पण कळला नाही, या दोन्हींतला फरक त्याला त्या क्षणी दिसायला हवा.