शर्विलकाचे वारस

हल्ली सुटीच्या दिवसांत घरोघरी जे बोलपट पाहिले जातात, त्यांत एका जातीच्या बोलपटास फार मोठा मान मिळालेला दिसतो. चार-सहा निष्णात चोर एकत्र येतात. एक कुलपे उघडण्यात तरबेज, दुसरा वेषांतरात, तिसरा वाहन हाकण्यात, चौथा यंत्रविद्येत. आणि ह्या सर्वांना एका सूत्रात ओवणारा, कधीही न गडबडणारा असा एक नायक. पेढीची तिजोरी, सराफाचे दुकान किंवा पदार्थसंग्रहालयातील एखादे रत्न हे त्यांचे लक्ष्य. पूर्वार्धात बेत आखला जातो, उत्तरार्धात तो पार पडतो, आणि शेवटी पोलीस हात चोळीत बसतात. नातवंडे टाळ्या पिटतात. आजोबाही, तोंडाने काही न बोलता, मनातून खूश होतात. ह्या खुशीचे मूळ कशात आहे आणि तिचे आपल्या घरांनी काय करावे, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रकार आजकालचा आहे असे मात्र कोणी समजू नये. चित्रपटकला अगदी बाल्यावस्थेत असताना, १९०३ साली, अमेरिकेत एडविन पोर्टर ह्याने आगगाडीवरील दरोड्याचा जो बारा-एक मिनिटांचा मूकपट काढला, तो अत्यंत लोकप्रिय झाला. पुढे १९३४ पासून तिकडील चित्रपटांस एक कडक आचारसंहिता लागू झाली व गुन्ह्याचे फळ गोड दाखवू नये असा दंडक पडला. सबब १९५० साली जॉन ह्यूस्टनने ‘दि अस्फाल्ट जंगल’ हा चित्रपट काढला तेव्हा बेत कितीही कुशल असला तरी त्याची अखेर नाशात करणे त्याला भाग होते. १९५५ च्या ‘रिफिफी’ ह्या फ्रेंच चित्रपटात तर चोरीचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रवेश संवाद व संगीत ह्यांवाचून दाखविला आहे. प्रेक्षक श्वास रोखून केवळ हातांचे कौशल्य पाहतो. पुढे बंधने सैल झाली आणि चोर सुखरूप सुटू लागले. आपल्याकडे १९४३ सालच्या ‘किस्मत’ ह्या बोलपटात अशोककुमार हे खिसेकापू नायकाच्या भूमिकेत आले, आणि कलकत्त्याच्या एकाच चित्रगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

परंतु ह्या सर्वांहून जुना आणि, माझ्या मते, ह्या सर्वांहून सरस असा चोर आपल्या घरीच आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक तो हाच. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रकरणाचे संगीत नाटक करून ते मराठी घराघरांत नेले, त्यामुळे संस्कृत न जाणणाऱ्यांसही तो परका नाही. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडावयास येतो, तो एखाद्या शास्त्र्याने ग्रंथारंभ करावा तशा थाटात. देवतेस व पूर्वाचार्यांस वंदन करतो. भिंतीची परीक्षा करतो. भाजलेल्या विटांची भिंत असेल तर विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटांची असेल तर छेदाव्या, मातीच्या गोळ्यांची असेल तर पाणी शिंपून भिजवावी, लाकडाची असेल तर फोडावी, असे चार विधी तो मोजून सांगतो. आमच्या सुलतानपुराकडे, लोणार-मेहकरच्या ह्या मुलखात, जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ह्यांपैकी कोणता विधी आपल्या वाट्यास आला असता हे सहज ओळखता येईल.

ह्यानंतर भगदाडाचा आकार कोणता असावा हा प्रश्न. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ, असे प्रकार मनात आणून तो पूर्णकुंभ पसंत करतो. कारण पक्क्या विटांच्या भिंतीला तोच शोभतो! मोजण्याची दोरी घरी विसरलेली असते, तेव्हा गळ्यातील यज्ञोपवीताने तो माप घेतो. आणि बोटास साप डसतो तेव्हा त्याच यज्ञोपवीताने तो बोट बांधतो. दार करकरू नये म्हणून बिजागरीवर पाणी शिंपतो, दिवा विझविण्यास एक किडा सोडतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील अपहारवर्मा ह्याच पंथाचा. त्याच्या पिशवीत काय नव्हते? कातरी, चिमटा, मोजण्याचे सूत्र, दोर, लाकडी मस्तक, दिव्याचे भांडे आणि दिवा विझविणाऱ्या भुंग्यांची डबीसुद्धा! पाश्चात्य चित्रपटातील कोणत्या टोळीची तयारी ह्याहून अधिक असेल?

तेव्हा कौशल्य पाहून आनंद वाटणे हे पाप नव्हे. मनुष्याच्या बुद्धीला कोणत्याही कामातील नेटकेपणा आवडतो. शूद्रकाने तर येथे एक विलक्षण गोष्ट केली आहे. सकाळी गलबला होऊन चारुदत्त जागा होतो, भिंतीस पडलेले भगदाड पाहतो, आणि ज्याचे घर फुटले तोच गृहस्थ प्रथम त्याच्या सुबक घडणीचे कौतुक करतो! प्रेक्षकाच्या मनातील दाद कवीने धन्याच्याच तोंडी घातली आहे. तथापि कवी तेथे थांबत नाही, आणि हाच आपल्या विषयातील मुख्य मुद्दा होय. तो पुढे येईल.

आता पुस्तकातून उठून आपल्या मुंबईत येऊ. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाऊस भागातील त्रिभोवनदास भीमजी झवेरी ह्यांच्या पेढीवर एक गृहस्थ सव्वीस तरुणांसह येऊन दाखल झाला. आपण केंद्रीय अन्वेषण विभागाचे, म्हणजे सी. बी. आय.चे अधिकारी असून झडती घेण्यास आलो आहो, असे त्याने सांगितले. दूरध्वनी बंद झाले, नोकरचाकर एका बाजूस उभे राहिले, आणि ‘नमुन्यादाखल’ म्हणून दागिने पिशव्यांत भरून मोहोरबंद झाले. तरुणांना पहाऱ्यावर ठेवून साहेब बाहेर पडले ते कायमचे. सुमारे ३० ते ३५ लाख रुपयांचा ऐवज गेला. एक पैशाचे कुलूप फुटले नाही, की कोणास ओरखडा उठला नाही. मोनसिंग हे त्याने दिलेले नाव. ह्यापलीकडे त्याचा माग लागला नाही.

ह्या घटनेवरून नीरज पांडे ह्यांनी काढलेला ‘स्पेशल २६’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. अक्षयकुमार, अनुपम खेर, मनोज वाजपेयी आदी नटांनी त्यात कामे केली आहेत. चित्रपट उत्तम वठला आहे ह्यात शंका नाही. गती आहे, विनोद आहे, आणि खोट्या अधिकाऱ्यांच्या मागे लागलेला खरा अधिकारी हा पेच तर फारच बहारीचा आहे. कौटिल्याने ‘कंटकशोधन’ ह्या अधिकरणात चोर हुडकण्यासाठी राजाच्या हेरांनी साधूचा वेष घ्यावा असे सांगितले आहे. येथे चोरांनीच राजपुरुषाचा वेष घेऊन ते शास्त्र उलटे फिरविले. शिवाय पटकथाकाराने एक युक्ती योजली आहे. ह्या टोळीचे पहिले बळी काळा पैसा दडविणारे दाखविले आहेत. आपलेच पाप उघडे पडेल ह्या भयाने ते फिर्याद देत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनास टोचणी लागत नाही. चोराच्या घरी चोरी, त्यात वाईट ते काय, असे म्हणून आपण निश्चिंत होतो.

पण वाचकहो, प्रत्यक्ष घटनेतील त्या सव्वीस तरुणांचा क्षणभर विचार करा. ते टोळीतले नव्हते. गुप्तचर व सुरक्षा अधिकारी पाहिजेत अशी वृत्तपत्रातील जाहिरात वाचून ते आले होते. ताजमहाल हॉटेलात त्यांच्या मुलाखती झाल्या होत्या. सरकारी नोकरी मिळाली, हे वाक्य त्या आठवड्यात त्यांच्यापैकी कितीकांच्या घरी उच्चारले गेले असेल! आईने देवापुढे साखर ठेवली असेल, वडिलांनी शेजारी सांगितले असेल. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी, साहेबाने सांगितले म्हणून इमानाने पहारा करीत बसलेल्या ह्या मुलांपुढे खरे पोलीस येऊन उभे राहिले. सराफाचे सोने गेले. ते पुन्हा घडविता येते. ह्या मुलांचा गेला तो विश्वास. चोराने जी खरी चावी वापरली ती लोखंडाची नव्हती. सुशिक्षित बेकारीची होती. ज्यांनी आपला उभा जन्म मुलांना ‘शिका म्हणजे नोकरी लागेल’ असे सांगण्यात घालविला, त्या आम्हा शिक्षकांना ह्या चोरीतील हा भाग सर्वांत जड वाटतो. चित्रपटाच्या नावातील आकडा त्यांचा आहे. कथा मात्र त्यांची नाही.

दुसरी गोष्ट, सर्वच चोऱ्या अशा बिनरक्ताच्या नसतात. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ च्या नोव्हेंबरात सुपारीच्या बागेत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला व त्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. २४ मार्च २०१२ रोजी पहाटे दरोडेखोरांनी तो पळविला. त्यांनी केवळ कुलूप तोडले नाही. देवळाच्या दोघा पहारेकऱ्यांचे प्राण घेतले. जी मूर्ती पाहण्यास लोक दुरून येत, ती त्यांनी वितळवून टाकली. कारागिराचे काम, भक्तांची श्रद्धा आणि दोन घरांतील कर्ते पुरुष ह्या सर्वांची किंमत त्यांच्या हिशेबी तोळ्यांत झाली. २०१७ साली न्यायालयाने जन्मठेपेसह शिक्षा ठोठावल्या. परंतु ती मूर्ती किंवा ती माणसे शिक्षेने परत येत नाहीत.

आणि आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब समर्थ! समर्थ रामदासांचे हे जन्मस्थान. तेथील राममंदिरातील प्राचीन पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या, तेव्हा ज्यांच्या घरी नित्य मनाचे श्लोक म्हटले जातात त्यांना आपलेच देवघर रिकामे झाल्यासारखे वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलिसांनी चोरांचा छडा लावला व मूर्ती हाती लागल्या, हे सुदैव. पण मधल्या दोन महिन्यांत रिकाम्या सिंहासनापुढे उभे राहणाऱ्या पुजाऱ्याचे मुख कोणत्या चित्रपटात पाहावयास मिळते?

येथे आपण शूद्रकाकडे परत वळू. शर्विलकाच्या कौशल्याला त्याने भरपूर वाव दिला. पण पडदा चोराबरोबर बाहेर नेला नाही. तो चारुदत्ताच्या घरातच राहिला. गेलेले दागिने वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती, हे कळताच चारुदत्ताला मूर्च्छा येते. दरिद्री मनुष्याच्या घरी चोरी झाली हे कोण खरे मानील? लोक म्हणतील, ह्यानेच ठेव गिळली. तेव्हा त्याची पत्नी धूता माहेरून आलेली आपली रत्नमाला, व्रताच्या दानाचे निमित्त करून, मैत्रेयाच्या हाती देते. पतीची लाज राखते आणि उपकाराचा शब्दही उच्चारीत नाही. चोराने नेले एकाचे, भरपाई केली दुसरीने. पूर्णकुंभाच्या आकाराचे ते सुंदर भगदाड अखेर एका गृहिणीच्या स्त्रीधनाने बुजले! आपल्या एकत्र कुटुंबांत असे भगदाड कोण कशाने बुजविते हे आपल्या आया-बहिणींना सांगावयास नको.

शर्विलकालाही कवीने सोडलेले नाही. स्त्रीचे दागिने ओरबाडावयाचे नाहीत, यज्ञासाठी ठेवलेल्या सोन्यास शिवावयाचे नाही, असे त्याचे स्वतःचे नियम आहेत, आणि त्यांवर तो मोठी मिजास करतो. पण जिच्यासाठी त्याने चोरी केली ती मदनिकाच ती वार्ता ऐकून भयभीत होते आणि दागिने परत करावयास सांगते. दहाव्या अंकात तोच शर्विलक वधस्तंभापाशी चारुदत्तापुढे उभा राहतो आणि, तुमचे घर फोडणारा तो मीच, असे स्वमुखाने सांगतो. जयजयकाराच्या घटकेस त्याने हे सांगावे, ह्यात त्याचे खरे शौर्य आहे. चारुदत्त त्यास आलिंगन देतो. चोरीची कथा जेथे संपावयास हवी तेथे ती संपली.

म्हणून माझे म्हणणे असे की, असले चित्रपट घरात पाहूच नयेत असा दंडक घालण्यात शहाणपण नाही. तो पाळला जाणार नाही. हातातील भ्रमणध्वनीवर तो क्षणात मोडेल. त्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर बसून ते पाहावे, कौशल्यास मोकळेपणाने दाद द्यावी, आणि चित्रपट संपल्यावर एवढेच विचारावे : ज्याचे गेले, त्याचे घर आपणांस दाखविले का? पहारेकऱ्याचे घर कोठे आहे? त्या सव्वीस जणांनी संध्याकाळी घरी जाऊन काय सांगितले असेल? मुले हुशार असतात. उत्तर त्यांचे तीच शोधतील, आणि ते उत्तर आपल्या उपदेशाहून अधिक टिकेल.

हस्तकौशल्य, धैर्य, योजकता, परस्परांवरील विश्वास हे ह्या चोरांच्या ठायी दिसणारे गुण खरोखरच मोठे आहेत. तेच गुण शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यात, पूल बांधणाऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञात आणि चोरीचा छडा लावणाऱ्या साध्या हवालदारातही असतात. फक्त त्यांच्यावर चित्रपट कमी निघतात. पूर्णकुंभ काढावयाचाच तर तो परक्याची भिंत फोडून काढण्यापेक्षा आपल्या दारापुढील रांगोळीत काढावा, हे शर्विलकालाही पटले असते.