खोकं नसलेला अँटिव्हायरस

आप्पांच्या कपाटात, जुन्या पासबुकांच्या वरच्या कप्प्यात, सात उघडलेली खोकी आहेत. प्रत्येकावर बॉलपेनने तारीख, दिलेले पैसे आणि ‘की खरडली’ असा शेरा. ही अँटिव्हायरसची खोकी. आत एक सीडी (ती लावायला आमच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह कधीच चालेनासा झालाय), एक माहितीपत्रक आणि चंदेरी पट्टीचं कार्ड. पट्टी नाण्याने खरडली की खाली ‘की’, म्हणजे प्रोग्राम चालू करायचा क्रमांक, दिसते. आप्पा निवृत्त शिक्षक. पावती आणि खोकं फेकायचं नसतं, हे त्यांनी आयुष्यभर पाळलंय.

मे महिन्यात मी माहेरी चोपड्याला आले तेव्हा आठव्या खोक्याची वेळ झाली होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन उगवायचा, मुदत संपली म्हणून. बंद केला की थोड्या वेळाने पुन्हा हजर. आप्पा त्या कॉम्प्युटरवर सातबारा काढतात, पेन्शन पाहतात, केळीच्या कापणीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात आणि नातवंडांचे फोटो साठवतात. त्या चौकोनाने ते वैतागले होते.

“दरसाल पैसे भरायचे कशाले? फुकटचा चालत नाही का?” त्यांनी विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच पुढे म्हणाले, “पण फुकटचा कोणी देईल तरी कशाले?”

या दोन प्रश्नांची उत्तरं घरी बसून द्यायला मला जमली असती. पण कॅबिनेटमधून घरघर येत होती, म्हणून ‘सीपीयू’ (आमच्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणतात) स्कूटीवर पायांत धरून आम्ही यावल रोडवरच्या दुकानात गेलो. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला, आत कूलर. काउंटरवर तीन उघडे लॅपटॉप, स्क्रू ठेवायला आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण, मागच्या फळीवर दोन-तीन कंपन्यांची अँटिव्हायरसची खोकी साबणाच्या वड्यांसारखी रचलेली.

दुकानदाराने काही विचारायच्या आधी बाजूचा पत्रा काढला, डबा बाहेर ओट्यावर नेला आणि ब्लोअर लावला. आतून राखाडी लोटच निघाला. फॅनच्या पात्यांवर धुळीची गादी बसली होती. “ताई, निम्म्या लोकांना वाटतं व्हायरस आहे, आणि असती ही धूळ. पंखा फिरला नाही की गरम होतं, गरम झालं की स्लो. मग म्हणतात, अँटिव्हायरस टाकून द्या.”

आणि तो टाकून देतो का? तो हसला. “आधी द्यायचो.”

डबा जोडून त्याने विंडोज सिक्युरिटीचं पान उघडलं. तिथे आमच्या घराची खरी परिस्थिती दिसली. राखणदार म्हणून नाव मुदत संपलेल्या प्रोग्रामचं. व्हायरसची ओळख पटवणारी त्याची यादी मुदत संपल्याच्या दिवशी थांबलेली. आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्याच्या मागे निवांत झोपलेला. बाहेरचा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो, कारण दोघांनी एकच फाइल एकदम धरली तर कॉम्प्युटर रेंगाळतो, कधी अडकतोही. म्हणजे आप्पा ज्या फुकटच्या शोधात होते तो घरातच होता. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून तो विंडोजबरोबरच येतो. मुदत संपलेला प्रोग्राम तसाच ठेवणं हे मात्र दोन्हीपेक्षा वाईट: नवा चोर ओळखता येत नाही, आणि कधीकधी खुर्चीही सुटत नाही.

हा धंदा दुरुस्तीच्या टेबलावरच जन्मला, हे त्या दुकानात बसून नीट कळतं. सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर येऊ लागले, तेव्हा व्हायरसने बिघडलेली तीच ती मशिनं परत परत टेबलावर. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यांतून 1995 च्या सुमारास डॉसवर चालणारं क्विक हील बाहेर पडलं. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, 2007 साली ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. नेट प्रोटेक्टरही पुण्याचाच. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत ही नावं घरची वाटतात, कारण ती जाहिरातीआधी दुरुस्तीवाल्याच्या हातून घरात आली. तुमचा कॉम्प्युटर उघडणारा माणूस जे म्हणेल ते तुम्ही घेता. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं औषध बदलून मागतो का आपण?

मधेच कॉलेजचा एक मुलगा घामाघूम होऊन आला. प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये, दुपारी जमा करायचा, आणि झेरॉक्सवाल्याकडून आल्यापासून सगळ्या फोल्डरांवर बाण. दुकानदाराने एका बाजूच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. तो म्हणे त्याने ‘मरायला’च ठेवलाय. पडद्यावर पाच फोल्डर, नावं बरोबर, पण प्रत्येकाचा आकार जेमतेम एक-दोन केबी. “हे फोल्डर नाहीत. पाट्या आहेत,” तो म्हणाला. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले, आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट बाहेर टांगलेले. पाटीवर दोनदा क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो. त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि मुलगा पुढच्या कॉम्प्युटरकडे जातो.

त्याने काळी खिडकी उघडून अॅट्रिबची एक ओळ टाइप केली. लपलेला, सिस्टिमचा, फक्त वाचण्यापुरता, असे तिन्ही शिक्के सगळ्या फायलींवरून उतरवणारी. एंटर मारताच फिकट नसलेले, बाण नसलेले पाच फोल्डर समोर आले. मुलाने श्वास सोडला. मग पाट्या आणि त्यांच्यासोबतची स्क्रिप्ट पुसली, स्कॅन केलं. वीस रुपये. “आणि सेव्ह करायला परत त्याच झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नको, भाऊ.”

मुलगा गेल्यावर मी विचारलं, हे डिफेंडरने पकडलं असतं का? बहुतेक पकडलं असतं, तो म्हणाला, नेट चालू असेल तर. ही मेख महत्त्वाची. जर्मनीत माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेतात. एकेकाळी मागच्या बाकावरचा डिफेंडर अलीकडे तिथे पुढच्या रांगेत असतो. पण त्याची बरीचशी अक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. नेट तोडून घेतलेल्या चाचण्यांत त्याची पकड बरीच सैल पडते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ही गोष्ट कोणाच्या खिजगणतीतही नसेल. चोपड्यात वादळी वाऱ्यात केळी झोपते तेव्हा वीज जाते, नेट जातं, आणि पेनड्राइव्ह मात्र या हातातून त्या हातात फिरतच असतो.

म्हणून झेरॉक्सच्या दुकानाला, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याला तो अजूनही पैशांचाच देतो. दिवसाला पन्नास अनोळखी पेनड्राइव्ह ज्या मशिनला लागतात तिथे हजार रुपयांत कटकट वाचत असेल तर काय वाईट? शिवाय बिघडलं की बिल दाखवून कोणाला तरी बोलावता येतं.

मग नुसता घरचा कॉम्प्युटर? इथे मला आप्पांचा दुसरा प्रश्न आठवला. फुकटचा कोणी देईल कशाले? प्रश्न अगदी बरोबर होता. जगभर फुकट वापरला जाणारा अवास्ट हा अँटिव्हायरस लोक कोणत्या साइटवर जातात याची माहिती गोळा करत होता आणि जम्पशॉट या त्यांच्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. जानेवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे उघड केलं, आणि उपकंपनीला टाळं लागलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये याबद्दल 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावण्याची कारवाई केली. राखणीला ठेवलेलाच घरात कोण येतं-जातं ते चौकात सांगत होता. डिफेंडरचा हिशोब निराळा आहे. त्याचे पैसे विंडोजच्या किमतीत आधीच वसूल झालेले असतात.

अर्थात, विंडोज विकत घेतलेलं असेल तर. आमचं होतं, ऑफिस नव्हतं. कोणीतरी कधीतरी ‘अॅक्टिव्हेटर’ चालवून ते फुकटात चालू करून दिलेलं. अशा अॅक्टिव्हेटरच्या सूचनांमध्ये पहिली ओळ ठरलेली असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. आप्पा दरसाल राखणदाराला पगार देत होते, आणि ज्याने हे चालवलं त्याने त्याला तेवढ्यापुरतं घरी पाठवून मागचं दार उघडलं होतं. दुकानदार गप्प राहिला. गावात असं विंडोज, असं ऑफिस कोण टाकून देतं हे तिघांनाही ठाऊक होतं. मी ते ऑफिस काढून अधिकृतपणे फुकट मिळणारं लिब्रेऑफिस टाकायला सांगितलं. आप्पांनी केळीच्या हिशोबाची फाइल तिथेच उघडून बेरजा जुळताहेत का ते पाहिलं, मग मान हलवली.

आणखी एक अडचण होती, आणि ती कोणत्याच खोक्यात बसणारी नव्हती. आमचं मशिन विंडोज 10 वरचं. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज 11 च्या यादीत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची डागडुजी थांबवली. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या मात्र ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहणार आहेत. म्हणजे चौकीदाराकडे चोरांचे ताजे फोटो, आणि भिंतीची भोकं तशीच. भोकांचं काय होतं ते मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवलं: दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ज्यांनी ती बसवली नाही त्यांचे कॉम्प्युटर नुसते नेटवर्कला जोडलेले असल्याने कुलूपबंद झाले. घरगुती विंडोज 10 साठी ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा डागडुजीची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्ज सिंक केल्या तर तीही फुकट. दुकानदाराने ती चालू केली. त्यानंतर काय, यावर तो म्हणाला, “तेव्हा लिनक्स टाकू, नाहीतर नवीन घ्या.” नवीन म्हटल्यावर आप्पांनी केळीचा भाव काढला, आणि विषय तिथेच राहिला.

जुना अँटिव्हायरस काढायला पाऊण तास गेला. कंट्रोल पॅनलमधून काढल्यावरही त्याची खुंटं उरतात. ती उपटायला कंपनीचंच वेगळं साधन लागतं. रीस्टार्ट केल्यावर कोपऱ्यात ढाल आली, हिरव्या खुणेसकट.

आप्पांचा विश्वास बसेना. पैसे नाहीत, खोकं नाही, की नाही. मग काम करतोय कशावरून? मी नोटपॅड उघडून 68 अक्षरांची एक ओळ लिहिली. अँटिव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी युरोपातल्या आयकार संस्थेच्या नावाने ठरलेली ही निरुपद्रवी ओळ; सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून धरतात. अग्निशमनवाल्यांच्या सरावासारखं. सेव्ह केलं, आणि खालून सूचना सरकत वर आली: धोका सापडला. फाइल उघडायला गेले तर गायब.

“परत कर,” आप्पा म्हणाले. परत केलं. परत गायब. तिसऱ्या खेपेला ते स्वतः माऊस घेऊन बसले.

नातवंडांच्या फोटोंसाठी आणि हिशोबासाठी एक बाहेरची हार्डडिस्क घेतली. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. अँटिव्हायरसचे वाचलेले पैसे त्यात गेले, वर आणखी बरेच. सफाईचे अडीचशे. खोकं विकलं गेलं नाही म्हणून दुकानदाराचं तोंड वाकडं झालं असेल, असं मला वाटलं होतं. पण तो आप्पांना भलतंच बजावत होता: मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर हात लावू नका, आपल्याकडे कोणाचीही पत्रिका येते. लावलाच आणि पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन. “तिथं ना हा डिफेंडर येणार, ना हे खोकं.”

नाशिकला परतल्यावर आठवड्याभराने मी फोन केला तेव्हा आप्पांनी सहज सांगितलं, की परवा ठिबकवाल्याचा पेनड्राइव्ह लावला, ढालीवर पिवळं काहीतरी आलं, आणि दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करून घरी येऊन बघून गेला.

“मला का नाही विचारलं?”

“तू काय नाशिकहून येणार होतीस?” आप्पा म्हणाले. “त्याने शंभर मागितले. मी पावती मागितली तर म्हणे, याची कशाले पावती. मग मीच तारीख टाकून लिहून ठेवलं.”

“कुठे?”

“सातव्या खोक्यावर. खाली जागा होती.”