घड्याळाशी एकट्यानं

सायकल शर्यतीत उतरायची हौस असलेल्या इस्लापूरच्या मुलापुढे पहिली अडचण सोबतीची येते. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात पहाटे रस्त्यावर गेलं की चाकाला चाक लावून चालवणारे गट भेटतात. त्यांच्यात राहून गर्दीत सायकल चालवणं अंगवळणी पडतं: पुढच्याच्या मागे हातभर अंतर राखायचं, वळणावर आपली ओळ सोडायची नाही, ब्रेक न दाबता वेग उतरवायचा. मुंबई–पुणे शर्यतीत खंडाळ्याच्या चढावर ‘घाटाचा राजा’ ठरतो, तो मांड्यांच्या ताकदीबरोबर हे सगळं शिकूनच. किनवट तालुक्यात असा गट कुठून आणायचा? इथं सागाच्या जंगलाकडे जाणारे रस्ते आहेत, सहस्रकुंडाच्या बाजूचा चढउतार आहे, आणि पहाटे ते बऱ्यापैकी मोकळे असतात. म्हणूनच इथल्या नवशिक्यानं पहिली शर्यत टाइम ट्रायलची धरावी, असं मला मनापासून वाटतं.

टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. ठरलेल्या अंतरावर, साधारणपणे एकेक मिनिटाच्या फरकानं एकेकजण सुटतो आणि ज्याची वेळ सर्वांत कमी तो जिंकतो. पैनगंगेपलीकडे उमरखेड-पुसदच्या बाजूला शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. पटातही जोडीनं धावपट्टी किती सेकंदांत कापली, ते घड्याळच सांगतं.

सुरुवातीच्या रेषेवर काय होतं, ते आधी कळलेलं बरं. तुमच्या आधीचा सुटतो, तुम्ही पुढे सरकता. एक माणूस मागून सीट घट्ट धरतो, म्हणजे दोन्ही पाय पायडलवर ठेवून उभं राहता येतं. आपण पडू, असं पहिल्यांदा वाटतंच. पण त्याच्या हातावर विश्वास टाकायचा, जोराचा पाय घड्याळातल्या दोनच्या काट्याइतका वर ठेवायचा आणि ब्रेक सोडून द्यायचा. पंच तोंडासमोर पाच बोटं धरतो, एकेक मिटत जातो. शेवटचं बोट मिटलं की सुटायचं. मागचा माणूस हात सोडतो, ढकलत नाही.

नियम थोडे, पण कडक आहेत. सहा वाजून सतरा मिनिटांची वेळ मिळाली असेल आणि तुम्ही अठराला पोहोचलात, तर ते एक मिनिट तुमच्याच खात्यात जमा होतं. दुसऱ्याच्या आडोशानं चालवता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ओलांडून जाताना बाजूनं दोन मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि गाठल्यानंतर किलोमीटरभरात दोघांमध्ये निदान पंचवीस मीटर अंतर पडलं पाहिजे. मागच्यानं तुम्हाला गाठलं तर मनाला लागतं. तरी त्याच्या मागे चिकटायचं नाही, आपली चाल आपण धरायची.

हा प्रकार जन्मला तोही अडचणीतूनच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये सायकलस्वारांचे घोळके, घोडागाड्या आणि पोलीस यांच्यात खटके उडू लागले आणि तिथल्या सायकल संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींना विरोध केला. तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये स्वारांना एकेकटं सोडून वेळ मोजायची शर्यत भरवली. पुढे कित्येक वर्षं या शर्यती पहाटे, गाजावाजा न करता, काळे कपडे घालून होत राहिल्या. टूर द फ्रान्समध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल आली १९३४ साली. जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूरची सुरुवातही शहरातल्या अशाच छोट्या टप्प्यानं झाली.

एकट्यानं चालवताना खरा प्रतिस्पर्धी म्हणजे हवा. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास गेलं की पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. म्हणजे तीसवरून तेहतीसवर जायचं, वेग दहाच टक्क्यांनी वाढवायचा, तर हवेसाठी लागणारी ताकद सुमारे एक तृतीयांशानं वाढते. या अडथळ्याचा मोठा वाटा सायकलचा नसून अंगाचा असतो. त्यामुळे महागड्या चाकांआधी कोपर वाकवा, हात हँडलच्या खालच्या भागावर न्या, डोकं खांद्यांच्या मध्ये घ्या आणि फडफडणारा शर्ट घरी ठेवा. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटर त्यानं पुढे काढलेल्या दांड्यांवर हात टेकून, अंग लहान करून कापले आणि आघाडीवरच्या लॉराँ फिन्योंला एकूण आठ सेकंदांनी मागे टाकलं. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल आठ सेकंदांवर लागला.

नवशिक्याचा घात मात्र हवा करत नाही, पहिली तीन मिनिटं करतात. सुटताना छाती धडधडत असते, लोक ओरडत असतात आणि पाय हलके वाटतात. ते हलकेपण फसवं असतं. स्नायूंमध्ये तयार असलेला शक्तीचा साठा काही सेकंदांत संपतो. श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनचा पुरवठा मागणीला पुरा पडायला दोन-तीन मिनिटं लागतात. मधल्या काळात शरीर उधारीवर चालतं. जोर जास्त लावला तर ही उधारी चौथ्या-पाचव्या मिनिटाला वसूल होते: मांड्या भरून येतात, धाप आवरत नाही, आणि मग उरलेलं सगळं अंतर ती फेडण्यात जातं. वीस किलोमीटरची शर्यत असेल तर पहिले दोन किलोमीटर ‘आपण फार सावकाश चाललोय’ असं वाटलं पाहिजे. ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीला एखादं छोटं वाक्य बोलता यावं, मध्यावर दोन-तीन शब्दच सुचावेत, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये काहीच बोलता येऊ नये. त्यासाठी अंग आधीच तापलेलं हवं. पंधरा-वीस मिनिटं हलकं चालवा, त्यात दोन-तीनदा अर्धा-एक मिनिट जोर लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सावलीत करावं आणि पाणी आदल्या दिवसापासूनच भरपूर प्यावं.

वाऱ्याचा हिशेब तर लिहूनच दाखवावा असा आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की इस्लापूरहून हिमायतनगरकडे जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. जाताना गेलेलं येताना भरून निघेल, असं वाटतं. तसं होत नाही. दहा किलोमीटर ताशी पंचवीसनं गेलात तर चोवीस मिनिटं लागतात. परतीचे दहा ताशी पस्तीसनं आलात तर सतरा मिनिटांच्या थोडं वर. बेरीज एक्केचाळीस. दोन्हीकडे ताशी तीस असता तर चाळीसच लागली असती. संथ भागात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तिथला तोटा मोठा. तेव्हा थोडा जादा जोर लावायचा तो समोरच्या वाऱ्यात आणि चढावर. पाठीवर वारा असताना, उतारावर, दम खायचा. अनेकजण नेमकं उलट करतात, कारण वेग दिसला की हुरूप येतो.

परतीच्या वळणावर ड्रम ठेवलेला असतो. त्याच्या आधीच गिअर हलका करा; जड गिअरवर वळलात तर पुन्हा वेग घेताना उठून जोर लावावा लागतो आणि जपून ठेवलेला दम तिथंच उडतो. रस्ता आदल्या दिवशी पाहून या. गतिरोधक कुठं आहे, खडी कुठं सुटली आहे, सुगीच्या दिवसांत सोयाबीन कुठं वाळत घातलंय, सकाळी गुरं कुठं आडवी येतात, हे पायांइतकंच कामाचं आहे. हेल्मेटशिवाय रेषेवर उभंही राहू नये.

सायकल कोणती, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. पहिल्या खेपेला आहे ती. चेनला तेल, टायरमध्ये नीट हवा, ब्रेक धरतात याची खात्री, आणि सीटची उंची अशी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. एवढं पुरे.

या रस्त्यांवर रोज सायकल चालवणाऱ्यांत शाळेच्या मुली मोठ्या संख्येनं आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. जड लोखंडी सायकल, गिअर नाही, मागे दप्तर, समोर वारा, आणि शाळेची घंटा चुकवायची नाही. दम कसा पुरवायचा, हे त्यांना रोज करून ठाऊक आहे. घड्याळ लावून त्यांची वेळ कुणी टिपलेली नाही, इतकंच. संगमनेरची प्रणिता सोमण आणि कोल्हापूरकडची पूजा दानोळे या मोठ्या शहरांबाहेरच्या मुलींनी महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय पदकं आणली आहेत.

इस्लापुरात अशी सकाळ भरवायला फार काही लागत नाही. जड वाहतुकीच्या मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या फाट्यावरचा मोजलेला पाच किलोमीटरचा तुकडा, पोलिसांची परवानगी, दोन्ही टोकांना नि प्रत्येक फाट्यावर एकेक माणूस, एकाच वेळेला लावलेली दोन घड्याळं, एक वही आणि आरोग्य केंद्राची गाडी. गट दोन ठेवावेत. एक खुला. दुसरा शाळेच्या सायकलींचा, आणि त्यात गिअरच्या सायकलीला प्रवेश नसावा.