फर्मान विजापूरचं, वैर मावळातलं

हिंजवडीहून सुट्टीच्या दिवशी भोरकडे फिरायला जाणाऱ्यांनो, रोहिड खोऱ्यात जरा थांबाच! कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, उत्रौळीचे खोपडे. सगळे देशमुख, आणि वतनापायी एकमेकांच्या जिवावर उठलेले. वतनावर शिक्का मात्र विजापूरच्या आदिलशहाचा.

खाली आपसात वैर आणि वर परक्याची सनद: मंगोलांच्या अमलाखालच्या रशियातही हेच चाललं होतं. खान ‘यारलिक’ ही सनद देईल तो थोरला राजा. १३२७ मध्ये त्वेरनं खानाविरुद्ध उठाव केला, तेव्हा मॉस्कोचा इव्हान कलिता खानाचीच फौज घेऊन त्वेरवर चालून गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या पदरात सनद पडली.

आपल्याकडे १६५९ च्या जूनमध्ये आदिलशहाचं फर्मान कान्होजी जेध्यांना आलं: अफजलखानाला सामील व्हा. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मुलांना घेऊन शिवरायांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडलं. केवढी छाती लागते याला! वतन म्हणजे त्या काळी जीव की प्राण.

पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बांदलांनी शिवरायांसाठी रक्त सांडलं. त्यानंतर दरबारातलं तलवारीचं पहिलं पान, म्हणजे पहिला मान, जेध्यांनी बांदलांना दिला. जुन्या वैऱ्यांना! मला हा प्रसंग प्रतापगडाच्या विजयाइतकाच मोठा वाटतो.