गरम पाण्यानं हाड भरत नाही

श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला असलेल्या बॉबलिंगेनमध्ये खनिज पाण्याचं मोठं स्नानगृह आहे. गुडघे किंवा कंबर धरलेल्या वयस्क मंडळींना तिथल्या कोमट पाण्यात बरं वाटतं, आणि मोटार उद्योगाच्या या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी मुलांनाही भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथे न्यावंसं वाटणं साहजिक आहे. सांध्यांना आराम पडतो, यात शंका नाही. पण ज्या कारणानं तो पडतो, त्याच कारणानं हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही: शरीराचा भार पाणी पेलतं, हाडाला पेलावा लागत नाही. वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांच्या हाडांची घनताही न पोहणाऱ्यांपेक्षा सहसा फार वेगळी आढळत नाही. उतारवयात हाड टिकवायचं तर त्यावर भार टाकायला हवा, आणि तोही रोजच्यापेक्षा जास्त.

हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते, हे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. हाड पोखरणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशींचं काम आयुष्यभर चालू असतं. भारानं हाड किंचित वाकलं की आतल्या पेशींना ते जाणवतं आणि भरण्याला जोर येतो. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, तर अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्यानं घटते. ‘जन्मभर घरकाम केलं, रोज फिरायला जाते, आणखी काय हवं?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. सवयीच्या भाराला हाड दाद देत नाही. चालणं हृदयाला चांगलं, रक्तातल्या साखरेलाही चांगलं. पण तेवढ्यानं मणक्याची घनता जवळजवळ हलत नाही. पाळी थांबल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत तर हाडाची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते.

या वयात वजन उचलणं धोक्याचं, ही भीती घरच्यांना असते आणि काही डॉक्टरांनाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ चाचणीनं नेमकी तीच तपासली. पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. त्यांपैकी एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजनं उचलली. सुरुवात हलक्यापासून करून पुढे एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून जड वजनापर्यंत त्या पोचल्या. त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. जड वजनं उचलणाऱ्यांत दुखापतीची नोंद एकच, कमरेत हलकी उसण. तीन टक्के म्हणजे असं कितीसं, असं कुणी विचारेल. पण जिथे दरवर्षी उतरणच असते तिथे चढ मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. जर्मनीतल्याच एर्लांगेनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या अभ्यासात सोळा वर्षांनी व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची हाडं मोडण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं निघालं. तिथे गट सोडतीनं पाडले नव्हते, मुळात उत्साही असलेल्या बायकाच व्यायामाकडे वळल्या असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण सोडतीनं गट पाडलेली लिफ्टमोर चाचणीही त्याच दिशेला बोट दाखवते.

ज्यांचा मणका आधीच खचला आहे, त्यांनी वाकून वजन उचलू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टर. हाडांची औषधं चालू असतील तर ती सोडायची नाहीत. मात्र ‘आता फार उशीर झाला’ हे कारण टिकत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांपैकी नऊ जणांनी आठ आठवडे पायांनी वजन उचललं आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतं. तोल गेला तर सावरायला मांडीत जोर लागतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, विशेषतः बॉबलिंगेनसारख्या ठिकाणी, जिथे ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते पुरेसं मिळत नाही. पण ते झालं साहित्य. बांधकाम सुरू करायला भार लागतो.

जर्मनीत डॉक्टर व्यायाम लिहून देऊ शकतात आणि आरोग्य विमा साधारण दीड वर्षात पन्नास सत्रांचा खर्च उचलतो. आपल्याकडे अशी सोय असती तर किती घरांचा प्रश्न सुटला असता! तरी तिथेही एक मेख आहे. ही सत्रं गटातल्या व्यायामाची असतात. स्नायू वाढवणाऱ्या यंत्रांवरचा सराव त्यात धरत नाहीत. जड वजनापर्यंत जायचं असेल, तर बॉबलिंगेनमधल्या आजींनाही व्यायामशाळेची फी सहसा स्वतःच भरावी लागते.